गोड्या-खाऱ्या पाण्यातले पनवेल

पनवेलच्या शेतकऱ्याला दुष्काळाचे भय देशावरच्या माणसाइतके कधीच नव्हते. मान्सूनने पाठ फिरवली असे इथे सहसा घडत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पाठीशी माथेरान-प्रबळगडाची रांग, समोर खाडी. या शेतकऱ्याला धास्ती होती ती दोन गोष्टींची. आश्विनात पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली तर काय, ही एक. आणि भर पावसाळ्यात अमावास्येचे उधाण बांधावर चढले तर काय, ही दुसरी. वरून येणारे गोडे पाणी आणि खालून येणारे खारे पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत इथली भातशेती शेकडो वर्षे उभी होती. तिचा इतिहास म्हणजे या दोन पाण्यांचा हिशेब.

तालुक्याचा नकाशा पूर्व-पश्चिम वाचला की हा हिशेब लवकर कळतो. पूर्वेला डोंगर. माथेरानच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणजे किनाऱ्यावरच्या अलिबागच्या दुपटीहून जास्त. डोंगराच्या उतारावर ठाकूर आणि कातकरी नाचणी-वरी पिकवत. त्यांच्या त्या दळीच्या जमिनी. उताराखाली, गाढी, काळुंद्री, कासाडी या नद्यांच्या काठाने गोड्या जमिनीची खाचरे. आणि पश्चिमेला, जिथे या नद्या पनवेलच्या खाडीत उतरतात, तिथे खारजमीन: बांध घालून समुद्राकडून मिळवलेली, भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली सपाट जमीन. वीस-पंचवीस किलोमीटरांच्या आत तीन हवामाने आणि तीन तऱ्हांची शेती.

गोड्या जमिनीतले वर्ष पावसाआधीच सुरू होई. शिमगा झाला की कवळ तोडायला माणसे रानात जात. ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या छाटून त्यांच्या मोळ्या वाळवायच्या. मग खाचराच्या एका उंच तुकड्यावर राब रचायचा: खाली शेण, त्यावर पालापाचोळा आणि वाळक्या फांद्या, वर गवत आणि सगळ्यांत शेवटी बारीक मातीचा थर. पेटवायचा तोही अक्कल लावून. वारा ज्या दिशेला जातो त्या टोकाला काडी लावायची, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट सरकत जाते, सावकाश धुमसते आणि माती नीट भाजते. भडका उडाला तर वरवरचे जळून जाते आणि मेहनत वाया. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर या भाजलेल्या तुकड्यात बी फेकायचे. तिथे तण उगवत नाही, रोप जोमाने येते आणि आर्द्रा-पुनर्वसूचा मोठा पाऊस सुरू होऊन खाचरे तुंबली की लावणीला तयार असते. पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात. तरणा पडत असताना चिखलणी आणि म्हातारा संपेपर्यंत लावणी आटोपलेली, असा साधारण मेळ. सगळा खटाटोप त्या मेळासाठी. कोकणच्या पावसात रोप उशिरा तयार झाले तर तण पुढे जाते आणि लावणी लांबली तर दाणा भरायच्या वेळी पाऊस संपलेला असतो.

हा राब म्हणजे अडाणी लोकांची नासधूस, असे इंग्रजी वनखात्याचे मत होते. १८७८च्या वनकायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगले राखीव होऊ लागली आणि कवळ तोडण्यावर बंधने आली. पनवेल तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, १८८३ साली तो कुलाब्याला जोडला गेला. या दोन जिल्ह्यांतली ओरड इतकी वाढली की १८८५ साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७चा. राबाशिवाय भात पिकेल की नाही, हा प्रश्न आता अर्ज-विनंत्यांतून थेट सरकारदरबारी पोचला होता. पुढे शास्त्रज्ञांनीही त्यात लक्ष घातले. हॅरॉल्ड मान, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांनी पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवरचा अभ्यास १९१२ साली प्रसिद्ध केला. राखेच्या खताइतकेच महत्त्व माती तापण्याला आहे, असे त्या प्रयोगांतून दिसत होते. शेतकरी ‘भाजणी’ म्हणत आला होता, ते काही उगीच नव्हे.

जंगलाचा हा राग पुढे राजकारणात उतरला. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरजवळ अक्कादेवीच्या रानात जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांनी गोळीबार केला. उरण तेव्हा पनवेल तालुक्याचाच पेटा होता. त्या दिवशी सत्याग्रही पडले, तसे पनवेलचे मामलेदारही गोळी लागून गेले. चिरनेरचा इतिहास सांगताना स्वातंत्र्यलढा सांगितला जातो, तो योग्यच. पण ज्या माणसांनी त्या रानात कोयते उचलले त्यांच्या घरी राबाला कवळ लागत होता, चुलीला लाकूड लागत होते आणि नांगराला दांडी लागत होती, हेही त्याच्याबरोबर सांगायला हवे.

आता खारजमीन. पनवेलच्या इतिहासाचा खरा ऐवज इथे आहे, कारण ही जमीन निसर्गाने दिलेली नाही. खाडीच्या काठचे खाजण, म्हणजे भरतीला बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची जागा, माणसांनी मातीचे बांध घालून अडवली. आंगऱ्यांच्या आणि पेशव्यांच्या राज्यात अशा कामाला कौल मिळत. पहिली काही वर्षे सारा माफ किंवा नाममात्र, मग हळूहळू चढता. जमीन पिकाऊ व्हायलाच इतकी वर्षे लागत की त्याहून कमी मुदतीत कोणी हात घातला नसता. कुलाबा जिल्ह्यात या व्यवस्थेचा एक जुना प्रकार शिलोत्री नावाने चालत आला. बाहेरचा मोठा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रदाराची आणि त्या बदल्यात सरकारी धाऱ्याखेरीज भाताचा ठरलेला वाटा त्याला. कष्ट अर्थात आगरी कुळांचे. मिठागरातही तेच, भातातही तेच. आठ महिने खाडीचे पाणी आत घेऊन मीठ पिकवायचे आणि चार महिने तेच पाणी बाहेर ठेवून भात, असा या समाजाचा दुहेरी धंदा होता.

बांधाचा जीव उघाडीत. बांधाच्या तळाशी ठरावीक जागी पाण्याला वाट ठेवलेली असते आणि तिच्या समुद्राकडच्या तोंडावर जाड लाकडी झडप वरून टांगलेली असते. भरती चढू लागली की खाडीचे पाणी बाहेरून झडपेवर दाबते आणि ती घट्ट बसते. ओहोटी लागली की बाहेरचा दाब जातो, आत तुंबलेल्या पावसाच्या पाण्याचा दाब झडप पुढे ढकलतो आणि शेत आपोआप निथरते. ना कुलूप, ना राखणदार. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, तितक्या वेळा ती मिटते आणि उघडते. फक्त झडपेत ओंडका अडकता कामा नये आणि बांधाला चिंबोऱ्यांनी बिळे पाडता कामा नयेत. चिंबोरीचे बीळ बोटाएवढे असते. उधाणाचे पाणी त्यातून घुसू लागले की माती खात जाते आणि रात्रीतून त्याची खांड होते, म्हणजे बांध फुटतो. बांधाबाहेरची तिवरे लाटांचा मारा अंगावर घेत, म्हणून जुनी माणसे ती तोडू देत नसत.

हेच यंत्र गोव्याच्या खाजनांत मानस नावाने आहे आणि तिथल्या गावकरी संस्थांनी ते शतकानुशतके सांभाळले. केरळात पोक्कळी भात अशाच खाऱ्या पट्ट्यात होतो. हॉलंडच्या पोल्डरांचे कौतुक आपल्याकडे शाळेपासून शिकवतात. खाडीपलीकडच्या गावातल्या उघाडीचा उल्लेख कुठल्याच धड्यात नसतो.

बांध घातला म्हणजे भात आले असे मात्र नाही. उन्हाळ्यात खारजमीन तापते, ओलाव्याबरोबर मीठ वर चढते आणि मे महिन्यात भेगाळलेल्या मातीवर त्याची पांढरी साय दिसते. ती धुण्याचे काम पावसाचे. रोहिणी-मृगाच्या सरींनी मीठ विरघळते, ओहोटीला उघाडीवाटे बाहेर जाते, पुन्हा पाऊस, पुन्हा निचरा. असे होता होता वरचा वीतभर थर गोडा होतो आणि त्यावर उभे राहिलेले गोडे पाणी खालच्या मिठाला दाबून धरते. भात उगवते ते त्या वीतभर थरात. म्हणून खारजमिनीत फार नांगरायचे नाही, खालचे मीठ वर येते. जुन्या पद्धतीत पहिला पाऊस मुरून चिखल झाला की त्यातच बी फोकत. सखल जागी पाणी आधीच तुंबलेले असेल तर बी भिजत घालून, ढीग करून, मोड आणून मग फेकायचे. त्याला रहू म्हणतात. खत नाही, राब नाही. गोड्या जमिनीच्या मानाने खर्च कमी आणि जोखीम दुप्पट.

बीही साधे चालत नसे. कोळंबा, झिन्या असली चांगली भाते इथे तग धरत नाहीत. इथे लागे ती राता: काळा राता, भुरा राता. दाणा जाड, तांदूळ लालसर, मुंबईच्या बाजारात भाव कमी, पण पेज दाट होते आणि भाकरी पोटाला धरते. पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या मातीत पेरून, त्यातून जगलेले तेवढेच बी राखून ही जात तयार झाली होती. विसाव्या शतकात शेतकीखात्याने याच रात्यांतून निवड करून काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० ही वाणे पक्की केली. आज मीठ सोसणाऱ्या भातांवर जगात कुठेही संशोधन होते, तेव्हा पोक्कळी आणि नोना बोक्राच्या जोडीने या कोकणी रात्यांची नावे यादीत असतात. ज्यांनी ते बी राखले त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

खाऱ्या शेतात भाताबरोबर माशांचेही पीक येई. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांतून, खाचरांतून मासे वर चढतात, ती वलगण. त्या दोन-तीन दिवसांत अख्खे गाव पाण्यात. उघाडीवाटे खाडीतून आत आलेली जिताड्याची पिल्ले शेतातल्या तळ्यात वाढवायची, ही इथली खास रीत. पाहुण्याला तळ्यातला जिताडा खाऊ घालणे ही प्रतिष्ठेची बाब होती आणि अडल्या कामासाठी साहेबाच्या घरी जिताडा पोचवणे ही व्यवहाराची.

खरी परीक्षा हस्त नक्षत्रात. सप्टेंबरच्या अखेरीस भात निसवते, फुलोरा येतो. त्या वेळी हस्ताचा पाऊस पडत राहिला तर गोडे पाणी टिकते. पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली तर गोड्या जमिनीतले पीक नुसते कोमेजते, खाऱ्या जमिनीत मात्र मीठ खालून वर येऊ लागते आणि लोंब्या पोचट राहतात. वर्षभरात तीन हजार मिलिमीटर पडून गेलेल्या पावसाचा तेव्हा काही उपयोग नसतो, शेवटचे पन्नास मिलिमीटर कधी पडले यावर सगळे असते. पावसाच्या एकूण आकड्यावरून सुकाळ-दुष्काळ ठरवणाऱ्या सरकारी कागदांना ही गोष्ट फार वेळा कळलेली नाही.

उधाणाचे नुकसान आणखी वेगळे. पावसाने बुडवले तर एक वर्ष जाते. खांड पडून खाडीचे पाणी शेतात बसले तर दोन-तीन पावसाळे धुवायला लागतात आणि तेवढ्या काळात बांध पुन्हा फुटला तर मोजणी पहिल्यापासून. म्हणून उधाणाच्या रात्री बांधावर गस्त असे आणि खांड पडली की घरटी माणूस बाहेर निघे. हे काम गावकीचे. त्यात सवलत नव्हती.

कापणीनंतरचा मोसमही हवामानानेच वाटून दिलेला. गोड्या जमिनीत भात काढल्यावर ओल शिल्लक असते, तिच्यात वाल पेरायचा. त्याला पाणी देत नाहीत. थंडी आणि पहाटेचे दव यांवर तो वाढतो. थंडी बेताची पडली किंवा आभाळ धरून राहिले तर शेंड्यांवर मावा बसतो आणि फुले गळतात. वाल धरला की माघात शेताच्या बांधावर पोपटी लागते: मडक्यात खाली भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा आणि जाडे मीठ, वरून पुन्हा पाला दाबून मडके उपडे घालायचे आणि भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही. शेंगा स्वतःच्या वाफेत शिजतात. खारजमिनीत मात्र कार्तिकानंतर मीठ वर आलेले असते, तिथे वाल नाही नि काही नाही. मग त्या शेतकऱ्याने मिठागर गाठायचे.

या सगळ्या भाताचा बाजार पनवेल. पेशवाईपासून हे बंदर आणि घाटाच्या वाटेचे तोंड. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पुण्याहून आलेला माल पनवेलला उतरून होड्यांनी मुंबईला जाऊ लागला. १८५२ साली इथे नगरपालिका आली, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरने पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून बैलगाड्यांच्या चाकांची नोंद केली आहे. घाटावर निम्म्या गाड्या पनवेलच्या चाकांवर फिरत होत्या म्हटले तरी वावगे होणार नाही. व्यापाराचा मोसमही मान्सूनने ठरवलेला: नारळी पौर्णिमेनंतर जलवाहतूक सुरू, मृगाला बंद. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली आणि या वाहतुकीचा कणा मोडला. भात आणि मीठ मात्र पनवेलच्या बाजारात येतच राहिले.

१८७६ ते ७८च्या दुष्काळात देशावर माणसे किड्यामुंगीसारखी मेली. घाटाखाली तेव्हा भात पिकत होते. योगायोग असा, की त्या दुष्काळाने पेटून उठून १८७९ साली बंड उभारणारे वासुदेव बळवंत फडके याच तालुक्यातल्या शिरढोणचे. पाऊस न चुकणाऱ्या गावचा माणूस पाऊस चुकलेल्या मुलखासाठी रामोशांना घेऊन लढला, याकडे चरित्रकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर बांधांची जुनी व्यवस्था मोडू लागली. अलिबागेत चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप केला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली. पुढे कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ पासून कसेल त्याची जमीन झाली. ते न्यायाचेच होते. पण खोत-शिलोत्रदार गेले आणि त्यांच्याबरोबर बांध राखण्याची त्यांची जबाबदारीही गेली. जमीन शेकडो कुळांच्या नावावर तुकड्या-तुकड्यांनी आली. बांध कोणाच्याच सात-बारावर नव्हता. हे ओळखून सरकारने १९४८ सालीच खारभूमी कायदा करून मंडळ नेमले होते. १९७९च्या नव्या कायद्याने खारभूमी विकासाचे काम थेट शासनाकडे आले. बांधांना दगडी अस्तर आले, लाकडी झडपांच्या जागी लोखंडी दारे आली. गेली ती रात्रीची गस्त. सरकारी बांधाला चिंबोरीने बीळ पाडले तर ते बुजवायला सरकारच येईल, अशी समजूत रुजली. सरकार येई, पण अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर. तोवर खांड रुंदावलेली असे आणि आत तिवरे उगवलेली असत. २००५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी तिवरांना संरक्षण मिळाले. ते आवश्यकच होते. पण ज्याच्या शेतात बांध फुटल्यामुळे तिवर आले त्याची गत अशी, की शेत त्याचे, सारा त्याच्या नावे आणि आत कोयता घेऊन जायची सोय नाही.

याच काळात पनवेलला खारभूमी संशोधन केंद्राने चांगले काम केले. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. जुन्या वाणांची मीठ सोसण्याची ताकद आणि नव्या बुटक्या वाणांचे उत्पन्न यांचा संकर करून पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ ही भाते तिथे तयार झाली. पनवेल-१च्या वंशावळीत भुरा राता ४-१० एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला हरित क्रांतीचा आयआर-८ आहे. तांदूळ पांढरा, उतारा बरा आणि खाऱ्या मातीत तग धरणारा.

बी तयार झाले, पण तोवर जमीनच निघून चालली होती. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावे अधिसूचित झाली. खारजमीन आणि मिठागरे सपाट, मोकळी, मुंबईला जवळ. नगररचनाकाराला यापेक्षा काय हवे? भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व निघाले. शेत मात्र परत आले नाही.

गंमत अशी, की शेत गेले तरी उघाडी राहिली. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या जवळपास किंवा खाली. तेव्हा पावसाचे पाणी घालवायचे कसे, हा जुनाच प्रश्न सिडकोच्या अभियंत्यांपुढे उभा राहिला. त्यांनी हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव केले. भरतीला झडपा मिटतात, शहरात पडलेला पाऊस तलावात थांबतो, ओहोटीला झडपा उघडतात आणि पाणी खाडीत जाते. कळंबोलीला हा तलाव आहे, वाशी-बेलापूरकडेही आहेत. ज्या तत्त्वावर याच जमिनीत भात पिकत होते तेच तत्त्व, फक्त फिरून हॉलंडमार्गे आले. तलावांचे दुखणेही तेच: गाळ साठतो, त्यात तिवरे उगवतात आणि मग उपसा करायचा की नाही यावर फायली फिरतात.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी समुद्राला मोठी भरती होती. पनवेलमध्ये गाढी शहरात शिरली. वरचे पाणी आणि खालचे पाणी एकाच वेळी आले की काय होते, हे खारपट्टीतल्या म्हाताऱ्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. फरक इतकाच, की पूर्वी अशा दिवशी पाणी पसरायला हजारो एकर भातखाचरे होती. त्यानंतर खाडीकाठी विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीची वाट वळवली गेली आणि खाजणावर भराव पडला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्‌घाटन झाले.

उरलेल्या शेतीचे वेळापत्रक आता पाऊसच बिघडवतो आहे. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात क्यार आणि महा ही वादळे एकामागोमाग आली आणि कोकणात कापलेले भात शेतातच भिजून त्याला मोड आले. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, पेरणीच्या तोंडावर. पुढल्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. पूर्वी भय होते हस्ताचा पाऊस न येण्याचे. आता दिवाळीपर्यंत तो जात नाही याचेही भय आहे. समुद्राची पातळी वाढते आहे आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या उधाणाचा अंदाज घेऊन बांधलेला बांध उद्याच्या उधाणाला कमी पडणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्यावर मीठ सोसणारे बी हा अर्धाच उपाय आहे. वीतभर पाण्यात तग धरणारे भातही कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभे राहत नाही.

पनवेल, उरण, पेणच्या खाडीकाठी अजून भात लावणारी गावे आहेत. त्यांच्या बांधांची माती वाळते दिवाळीनंतर आणि मृग लागतो जूनमध्ये. काम होऊ शकते ते त्या सहा-सात महिन्यांतच. मार्चअखेरीला मंजुरी, मेमध्ये निविदा आणि जुलैत खांड, हा क्रम वर्षानुवर्षे चालू आहे. खारभूमी खात्याने बांधांची पाहणी आश्विनात, पीक उभे असतानाच करावी, पैसा दिवाळीला हातात द्यावा आणि डागडुजीचे किरकोळ काम गावकीकडे मजुरीसह सोपवावे. आगरी कुळांनी हे काम शेकडो वर्षे केले आहे, ते त्यांना नव्याने शिकवायला नको.